सुपरचार्जर लावलेली एस2000 विकायचीये, सगळं काढून स्टॉक (कंपनीने दिली तशी) करू का आहे तशी देऊ?

कोथरूडचा_व्हीटेक (फ्रीमॉंट)

मंडळी नमस्कार, इतके दिवस नुसता वाचत होतो, आता स्वतःवर वेळ आली म्हणून लिहितोय. जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

गाडी होंडा एस2000, 2001 ची, म्हणजे एपी1, पहिली आवृत्ती, 9000 आरपीएमवाली. सिल्व्हरस्टोन कलर. 2013 मध्ये साडेतेरा हजार डॉलरला घेतली तेव्हा 88 हजार माईल झालेले, आता 1 लाख 31 हजार आहेत. तेव्हा एकटा होतो, पगार खर्च कुठे करायचा कळत नव्हतं, मग जे सगळे करतात तेच केलं. आधी एक्झॉस्ट, मग कॉइलओव्हर (स्प्रिंग-शॉकचा सेट), मग वॉल्कचे टीई37 व्हील्स, ते घासायला लागले म्हणून फेंडर रोल केले (चाकावरच्या पत्र्याची आतली कड दुमडली), मग बकेट सीट, मग क्विक रिलीजवालं स्टेअरिंग, आणि शेवटी 2022 मध्ये सुपरचार्जर किट (इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारं), त्यासोबत मोठे इंजेक्टर, क्लच, स्टँडअलोन ईसीयू (कंपनीच्याऐवजी लावलेला इंजिनचा कॉम्प्युटर) आणि ट्यूनिंग. कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटच्या) जागी सध्या सरळ पाइप आहे, हे आधीच कबूल करतो म्हणजे शिव्या एकदमच खाऊन घेतो. इंजिन आतून स्टॉक आहे, पिस्टनला हात लावलेला नाही. होंडाचा ओरिजिनल हार्डटॉप (काढता येणारं कडक छप्पर) आहे, तो गॅरेजच्या छताला टांगलाय.

एकूण खर्च 26 हजार. हा आकडा मला पक्का माहीत आहे कारण मी एक्सेल शीट ठेवली होती, आणि आता बायकोलाही पक्का माहीत आहे कारण घर आवरताना ती शीट तिला सापडली.

मेअखेर आम्ही कॅलिफोर्नियातून कायमचे पुण्याला परत चाललोय. आईचं दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे, बाबा गेल्यापासून ती एकटीच असते, तर आता बास. गाडी नेता येत नाही हे मी बघून ठेवलंय, लेफ्ट हँड ड्राइव्ह आणि त्यात 25 वर्षं जुनी, आपल्याकडे सेकंडहँड गाडी आणायची तर तीन वर्षांच्या आतली आणि राइट हँड ड्राइव्हच लागते. म्हणजे दहा आठवड्यांत विकायलाच हवी.

25 हजारला अ‍ॅड टाकली होती. आठवड्यात चाळीसेक मेसेज, त्यातले तीस "लास्ट प्राइस काय" एवढेच, चारजण त्यांची मोटरसायकल बदल्यात देणार म्हणाले, एक मुलगा तर एकोणीस वर्षांचा होता, "ब्रो फक्त एक पुल (जोरात फेरी) दे, विकत नंतर बघू". एका डीलरकडे नेली तर त्याने बॉनेट उघडलं, परत बंद केलं आणि 9 हजार म्हणाला. 12 च्या वर कोणीच बोलत नाहीये. जी गाडी साडेतेराला घेतली आणि वर 26 घातले तिचे 12? मी कुठे चुकतोय? सगळं काढून स्टॉक करू का? सगळे ओरिजिनल पार्ट गॅरेजमध्ये खोक्यांत आहेत, अगदी एअरबॉक्सच्या क्लिपासुद्धा.

---

मिसळ_विथ_ब्रेड

लग्नाचा व्हिडिओ असतो ना, आपण लाखभर घालून करतो आणि पाहुणे दहा मिनिटांत "वा छान" म्हणून पोह्यांकडे वळतात, तसं आहे हे. तुझे 26 हजार ही तुझी हौस, घेणाऱ्याच्या लेखी ती रिस्क आहे.

बाकी ती एक्सेल शीट डिलीट कर रे बाबा.

---

गॅरेजवाला_सॅक (सॅक्रामेंटो)

स्टॉक कर. विचारच करू नकोस.

आता का ते सांगतो. मी मेकॅनिक नाही, दिवसा सरकारी नोकरी, पण गेल्या सोळा-सतरा वर्षांत तीन एस2000 आणि एक आरएक्स-7 घेऊन विकलीये, त्यामुळे हात पोळलेले आहेत.

पहिली गोष्ट स्मॉग, म्हणजे इथली धुराची सरकारी तपासणी. कॅलिफोर्नियात खाजगी विक्री करताना स्मॉग सर्टिफिकेट द्यायची जबाबदारी विकणाऱ्याची, आणि ते 90 दिवस चालतं. "मी आहे तशी विकली, पुढचं त्याचं तो बघेल" हे इथे चालत नाही, घेणारा डीएमव्हीला (आपल्या आरटीओसारखं ऑफिस) गेला की तिथे अडकतो आणि मग तुला फोन करतो, तुझ्यावर केसही टाकू शकतो. तुझ्या गाडीला ओबीडीचं (गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडायचं) सॉकेट आहे, तिथे मशीन लावलं की स्टँडअलोन ईसीयू त्याच्याशी धड बोलतच नाही, तिथेच फेल. बॉनेट उघडल्यावर सुपरचार्जर दिसला की त्याचा ईओ नंबर विचारणार, म्हणजे कार्ब या कॅलिफोर्नियाच्या प्रदूषण खात्याची परवानगी, तीही तुझ्याच मॉडेल आणि वर्षाची हवी, नाहीतर फेल. खाली वाकून बघितलं तर कॅट नाही, तिसऱ्यांदा फेल. 2021 च्या जुलैपासून तर ईसीयूचं सॉफ्टवेअर बदललेलं सापडलं तरी फेल करतात. डीलर 9 म्हणाला ना, त्याला गाडी पुढे विकताना हे सगळं स्वतः निस्तरावं लागणार, ते पैसे त्याने आधीच कापले.

कोणीतरी येऊन सांगेल की 25 वर्षं झाली म्हणजे सूट मिळते. नाही मिळत. तो 25 वर्षांचा नियम जपानहून वगैरे गाडी आयात करायचा आहे, तुझी गाडी इथेच नवी विकली गेलेली. स्मॉगमधून सुटतात त्या 1975 आणि त्याआधीच्या गाड्या.

दुसरी गोष्ट, सुपरचार्जरवाली गाडी कोणाला हवी असते? ज्याला हवी असते त्याच्याकडे पैसे नसतात. ज्याच्याकडे पैसे असतात तो पन्नाशीचा माणूस असतो, त्याला तरुणपणी ही गाडी परवडली नव्हती आणि आता जशी शोरूममध्ये पाहिली तश्शी हवी असते. त्याला तुझ्या ट्यूनरचं नाव माहीत नसतं आणि करूनही घ्यायचं नसतं. बॉनेटखाली सुपरचार्जर दिसला की त्याच्या डोक्यात एकच, ही गाडी पिळलेली आहे.

आणि त्यात खोटं काय आहे? या गाडीच्या एफ20सी इंजिनचं कॉम्प्रेशन मुळातच 11:1, त्यावर बूस्ट. तू सांभाळून चालवली असशील, पण ते कागदावर कुठे दिसतं? म्हणून कॉम्प्रेशन टेस्ट आणि लीकडाउन टेस्ट (सिलेंडर दाब धरतात का, गळतात का) करून घे, चारही सिलेंडरचे आकडे एकमेकांजवळ आले तर तो कागद अ‍ॅडमध्ये पहिल्या फोटोनंतर लगेच टाक. व्हॉल्व्ह कव्हर काढलंस तर रिटेनर (व्हॉल्व्हची स्प्रिंग धरणारी चकती) बघून घे. एपी1 मध्ये कोणी चुकून खालचा गिअर टाकून इंजिन 9000 च्या पलीकडे नेलं असेल तर रिटेनरला बारीक तडा जातो, गाडी चालत राहते आणि सहा महिन्यांनी व्हॉल्व्ह आत पडतो. जाणकार गिऱ्हाईक हे विचारतंच. 2000-01 च्या गाड्यांचे ऑइल जेटचे (पिस्टनवर ऑइल फवारणाऱ्या नळ्यांचे) बँजो बोल्ट बदललेत का हेही विचारेल, बिल असेल तर काढून ठेव.

तिसरी गोष्ट स्टिकर. होंडा या गाडीच्या प्रत्येक पत्र्यावर व्हीआयएन नंबरचा (गाडीच्या ओळख क्रमांकाचा) छोटा स्टिकर लावून पाठवायची, बॉनेट, दोन्ही फेंडर, दारं, डिकी, दोन्ही बंपर. सगळे जागेवर असतील तर गाडी ठोकलेली नाही हे न बोलता कळतं. एकूण एक स्टिकरचा फोटो टाक, नंबर पुसून. फेंडर रोल करताना उडवलेत का?

पार्ट वेगळे विक. सुपरचार्जरच्या किटला पूर्ण देशात गिऱ्हाईक आहे, गाडीला फक्त शंभर मैलांत. टीई37 खरे असतील (रेप्लिका फार आहेत) तर ते कधीही विकले जातात. क्लच, ट्यूनिंग आणि मजुरी मात्र गेली, त्याचं सुतक पाळ आणि पुढे चल.

---

ट्रॅकवेडा

मला हे पटत नाही. सगळे स्टॉक स्टॉक करतात म्हणून तर अशा तयार गाड्या मिळत नाहीत. थंडरहिल किंवा बटनविलोच्या ट्रॅक डेला जा, पार्किंगमध्ये उभी कर, काचेवर कागद लाव. तिथल्या माणसाला कॉइलओव्हर, सीट, क्लच सगळ्याची किंमत कळते. 26 नाही पण 18-19 देणारा भेटेल. आणि मनापासून केलेलं काम असं खोलून खोक्यात भरायचं, हात कसा होतो रे?

---

गॅरेजवाला_सॅक (सॅक्रामेंटो)

@ट्रॅकवेडा भेटेल, पण कधी? ट्रॅकवाल्याला रोल बार हवा असतो, याच्याकडे नाही. ट्रॅकवाला मियाटा (माझदाची छोटी स्पोर्ट्स कार) घेतो आणि उरलेल्या पैशाचे टायर घेतो. याच्याकडे दहा आठवडे आहेत, दहा महिने असते तर मी पण म्हटलं असतं थांब.

---

अनघा_डब्लिन

मी गाडीवाली नाही, पण नवऱ्याची सुबारू डब्ल्यूआरएक्स विकताना जे झालं ते सांगते, कारण पुरुषमंडळी इथे बोल्टवर बोलतायत आणि खरी डोकेदुखी कागदांची आणि माणसांची असते. (डब्लिन म्हणजे आपलं ईस्ट बेमधलं डब्लिन, आयर्लंड नव्हे, दरवेळी कोणीतरी विचारतंच.)

टेस्ट ड्राइव्ह. पहिला जो आला त्याने व्हिडिओ खूप पाहिले होते, पण क्लच चालवता येत नव्हता. आमच्या उतारावर तीनदा बंद पाडली आणि चौथ्यांदा असा काही क्लच सोडला की मला किचनमध्ये वास आला. तेव्हापासून नियम केला, आधी नवरा चालवणार, तो शेजारी बसणार, आणि पूर्ण रक्कम बँकेत तयार असल्याचं दाखवल्याशिवाय किल्ली नाही. इन्शुरन्स आणि लायसन्सचा फोटो घ्यायचा. वाईट दिसतं का? दिसू दे.

पैसे. कॅशियर्स चेक हातात घेऊन गाडी देऊ नकोस, अगदी हुबेहूब खोटे निघतात आणि तुझी बँक आठवड्याने सांगते. त्याच्या बँकेत त्याच्याबरोबर जा, टेलरने तुझ्यासमोर चेक बनवला की मगच टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) सही. आणि हो, इथे त्या टायटललाच पिंक स्लिप म्हणतात. नवरा बँकेतून मोठ्याने म्हणाला "पिंक स्लिप घेऊन ये", मी ऑफिसात होते, माझ्या पोटात गोळाच आला (नोकरीवरून काढल्याच्या नोटिशीलाही तेच म्हणतात).

आता खरा घोळ. गाडी दिली, मिठाई खाल्ली, आणि रिलीज ऑफ लायबिलिटी (गाडी आता माझी नाही हे कळवायचा फॉर्म) भरायचं नवरोबा विसरले. पाच दिवसांत डीएमव्हीच्या साइटवर भरायचं असतं, दोन मिनिटांचं काम. त्यात भर म्हणजे काचेवरचा फास्टट्रॅकही (टोलचा टॅग) तसाच राहिला. कॅलिफोर्नियात नंबर प्लेट गाडीबरोबरच जाते, त्यामुळे तो मुलगा तीन महिने आमच्या प्लेटवर आणि आमच्या फास्टट्रॅकवर बे ब्रिज ओलांडत होता, आम्ही टोल भरत होतो. मग ओकलंडची दोन पार्किंगची तिकिटं आली. एकदा तर पहाटे दोनला कुठेतरी गाड्या गोल गोल फिरवतात त्या ठिकाणी पकडली गेली म्हणून पत्र आलं, माझ्या सासूबाईंनी ते उघडलं. पुढचं सांगत नाही.

तू तर देश सोडून चाललायस. ही पत्रं कोथरूडला येणार नाहीत, इथल्या मित्राच्या पत्त्यावर येतील आणि तो शिव्या देईल. किल्ली देताना त्याच्यासमोर फोनवरच फॉर्म भर.

---

नांदेडसिटी_ओएचसी (पुणे)

दादा आणा इकडेच, सिंहगड रोडला ट्रॅफिकमध्ये 9000 आरपीएम काय मस्त वाटेल, वर्षातून एकदा, रात्री अडीचला.

जोक सोडा, आमच्याकडे तर अजून अवघड. माझी 2002 ची होंडा सिटी व्हीटेक आहे, ती 106 बीएचपीवाली, तिच्यावर मी इनटेक-एक्झॉस्ट केलं होतं. विकायला काढली तेव्हा येणारा प्रत्येकजण पहिलं वाक्य एकच, "आरटीओ पासिंगला त्रास होईल का?" 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंच ना, कंपनीने बनवली त्यापेक्षा वेगळी करून रजिस्टर करता येणार नाही म्हणून, तेव्हापासून लोक जास्तच बिचकतात. शेवटी स्टॉक सायलेन्सर भोसरीत एका भंगारवाल्याकडून शोधून आणला, बसवला, आणि मग विकलीच नाही. आवाज कमी झाल्यावर बायकोलाही आवडायला लागली.

---

कोथरूडचा_व्हीटेक (फ्रीमॉंट)

सगळ्यांचे आभार. अनघाताई, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली, ती म्हणाली या बाईंना घरी जेवायला बोलव.

ठरवलं, स्टॉक करतोय. गेल्या वीकेंडला मित्र आणि मी बसलो. शनिवारी सुपरचार्जर, इंजेक्टर, ईसीयू सगळं उतरवलं, रविवारी स्टॉक एअरबॉक्स आणि कॅट बसवला. कॅटचे बोल्ट गंजून एकजीव झालेले, एक तुटला, त्याच्यात अख्खी दुपार गेली. संध्याकाळी चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली, इतकी शांत, की मला वाटलं बंद पडली. खरं सांगतो थोडं कसंतरी झालं. मग सहा हजारच्या पुढे नेली आणि व्हीटेकचा तो आवाज आला, सुपरचार्जरच्या शिट्टीखाली तो चार वर्षं ऐकूच आला नव्हता.

स्टिकर सगळे आहेत, फक्त डाव्या फेंडरचा अर्धा खरवडलाय.

आता प्रश्न. सोमवार ते शुक्रवार ऑफिसला हीच नेली, स्कॅनर लावून बघितलं, सगळे मॉनिटर (गाडीच्या कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या) रेडी झाले होते, फक्त इव्हॅप (पेट्रोलच्या वाफेची तपासणी) बाकी. शनिवारी सकाळी स्मॉगला जायचं म्हणून शुक्रवारी रात्री विचार केला की एअरबॅगवालं ओरिजिनल स्टेअरिंगही लावून टाकू. एअरबॅगला हात लावायच्या आधी बॅटरी काढायची आणि तीन मिनिटं थांबायचं, ते केलं. स्टेअरिंग बसलं, एसआरएसचा (एअरबॅगचा) दिवाही गेला. आणि मॉनिटर? सगळे परत शून्यावर. वर रेडिओ कोड मागतोय.

---

मिसळ_विथ_ब्रेड

😂😂 बॅटरी काढली की ईसीयू सगळं विसरतो हे तू 13 वर्षं एस2000 ठेवून शिकला नाहीस?

---

गॅरेजवाला_सॅक (सॅक्रामेंटो)

अरे देवा. हे सांगायचं माझ्याकडून राहिलं, बॅटरी काढायची सगळी कामं आधी, मग ड्राइव्ह सायकल (ते मॉनिटर पूर्ण होतील असं गाडी चालवणं).

घाबरू नकोस, परत चार-पाच दिवस चालव. सकाळी पूर्ण थंड इंजिन चालू कर, थोडा शहरातला रस्ता, मग 880 वर सकाळी लवकर एकसारख्या स्पीडने वीसेक मिनिटं, मग पाय काढून गाडी आपोआप स्लो होऊ दे. टाकी एकदम फुल किंवा एकदम रिकामी ठेवू नको, इव्हॅपची टेस्ट चालत नाही. 2000 आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांना इव्हॅप एकटा बाकी असला तरी पास करतात, दुसरं काही बाकी चालत नाही.

रेडिओच्या कोडचं कार्ड बहुतेक मॅन्युअलच्या पाऊचमध्ये असतं. दोन सीटच्या मधे मागे तो लॉकवाला खण आहे ना, त्यात बघ. नाही मिळालं तर सिरीयल नंबर सांगून होंडाकडून कोड मिळतो.

आणि एक, स्मॉगपुरतं स्टॉक करायचं आणि विकायच्या दिवशी परत किट चढवून द्यायचं असं कोणी सुचवलं तर ऐकू नकोस. किट वेगळं, गाडी वेगळी, दोन वेगळी गिऱ्हाईकं.

---

जोशीकाका_फॉस्टरसिटी

मी 1994 पासून इथे आहे, सात गाड्या विकल्या, सातही कॅमरी. एकाही वेळी तिसरा फोन घ्यावा लागला नाही. एवढंच बोलायचं होतं.

---

ट्रॅकवेडा

काका, सात कॅमरी म्हणजे एकच गाडी सात वेळा 🙏

@कोथरूडचा ठीक आहे, हरलो. पण मग नीट विक. लोकल अ‍ॅडवर नको, ऑनलाइन ऑक्शनला टाक, तिकडे पैसेवाले लोक असतात. फक्त तिथली कमेंट करणारी जनता म्हणजे मुलगी बघायला आलेले वीस मामा. थंड इंजिन चालू करतानाचा व्हिडिओ मागतील, गाडीखालचे फोटो, पेंटची जाडी मोजलेले आकडे, 2016 मध्ये ऑइल कुठलं घातलं होतं. सुपरचार्जर होता हे स्वतःहून पहिल्या परिच्छेदात लिही. लपवलंस आणि कोणीतरी तुझा जुना इव्हेंटमधला फोटो शोधून काढला (काढतातच) तर संपलं. आधी होता, या तारखेला काढला, हे टेस्टचे आकडे, असं लिहिलं की उलट विश्वास बसतो.

आणि एक्झॉस्ट पण स्टॉक लाव. 2019 पासून आवाजाला सरळ दंड आहे, आधी दुरुस्त करून दाखवलं की सोडायचे. मर्यादा 95 डेसिबल, पण पोलीस काही मीटर घेऊन फिरत नाही, त्याला मोठा वाटला की झालं. घेणारा हेही बघतो.

---

कोथरूडचा_व्हीटेक (फ्रीमॉंट)

पाच आठवड्यांनी अपडेट, कारण मला स्वतःला असे अर्धवट सोडलेले धागे वाचून फार राग येतो.

स्मॉग दुसऱ्या शनिवारी पास. रेडिओचं कार्ड खणातच होतं, आधीच्या मालकाची 2004 ची लॉन्ड्रीची पावतीही सोबत मिळाली. कॉम्प्रेशन चारही एकसारखं, लीकडाउन छान, रिटेनर बघितले, चांगले होते.

सुपरचार्जर किट इंजेक्टर आणि ईसीयूसकट 3,700 ला अ‍ॅरिझोनाला गेलं. खोकं 31 किलोचं झालं, कुरिअरवाल्याने दारातून नेताना माझ्याकडे असं बघितलं की मीच लाजलो. टीई37 2,100 ला. घ्यायला आलेल्याने प्रत्येक रिम उलटं करून आतला कास्टिंगचा का फोर्जिंगचा शिक्का भिंगातून तपासला, मला राग आला आणि त्याच वेळी तो माणूस आवडला. सीट 550. कॉइलओव्हर गाडीवरच ठेवले, स्टॉक शॉक मेलेले होते.

गाडी ऑक्शनला नाही टाकली, नंबर लागून लाइव्ह यायला जे आठवडे लागणार होते ते माझ्या तिकिटाच्या तारखेत बसेनात. नवीन अ‍ॅड टाकली, पहिलाच फोटो शिळ्या, बोअरिंग, स्टॉक गाडीचा, आणि काय सांगू, मेसेज कमी आले पण माणसांचे आले. वॉलनट क्रीकहून एक गृहस्थ आले, वय साधारण पंचावन्न, त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी स्टिकर मोजले. खरवडलेल्या स्टिकरबद्दल विचारलं, मी फेंडर रोल केल्याचं खरं सांगितलं, ते म्हणाले "यू अँड एव्हरीबडी एल्स". चालवायला दिली. माझ्यापेक्षा चांगली चालवली. गिअर खाली टाकताना थ्रॉटलचा असा हलका टप्पा दिला की डोकं पुढे हललं नाही. 16,800 ला ठरली, घासाघीस फक्त 400 ची.

त्यांच्या बँकेत गेलो, चेक समोर बनवला. फॉर्म तिथेच पार्किंगमध्ये फोनवर भरला. फास्टट्रॅक काढला, अनघाताई, काचेवर वेल्क्रोचा चौकोन राहिलाय, तेवढा मात्र त्यांना फुकट.

एकूण 23 हजारच्या थोडं वर आले. एक्सेलमध्ये नवीन कॉलम केलाय. बायको म्हणाली आता बंद कर ती फाइल.

ते गेले तेव्हा कोपऱ्यावरच्या स्टॉप साइनला नीट तीन सेकंद थांबले, उजवा इंडिकेटर दिला आणि गेले. मी तेरा वर्षांत तिथे कधी पूर्ण थांबलो नव्हतो.

---

अनघा_डब्लिन

छान झालं. आईंना लवकर बरं वाटू दे. जेवायचं आमंत्रण अजून आहे ना? 😀

---

नांदेडसिटी_ओएचसी (पुणे)

या दादा पुण्यात. सिटी आहेच, एक राउंड खडकवासल्यापर्यंत.

---

गॅरेजवाला_सॅक (सॅक्रामेंटो)

16,800 एकदम बरोबर भाव. एक सांग, सगळ्या हिशेबात हार्डटॉप कुठे दिसला नाही. तो त्यांना गाडीबरोबर दिलास का? कारण नसेल दिला तर मी रविवारी ट्रक घेऊन येतो, कॅश.

---

कोथरूडचा_व्हीटेक (फ्रीमॉंट)

छतालाच आहे. त्यांना विचारलं होतं, ते म्हणाले छप्पर लावायचं असतं तर अ‍ॅकॉर्ड घेतली असती.

रविवारी ये, पण अकराच्या आधी, दुपारी मूव्हर्स येतायत. आणि उतरवायला चारजण लागतात, एक माणूस जास्तीचा आण.